शमुवेलालाही चकवा बसला

इस्राएलाचा पहिला राजा शौल. बायबलमधल्या शमुवेलाच्या पुस्तकात त्याची ओळख होते ती त्याच्या अंगकाठीवरून: देखणा आणि गर्दीत इतरांपेक्षा खांदाभर उंच. त्याच्या कारकिर्दीची पुढे काय गत झाली हे संदेष्ट्या शमुवेलाने डोळ्यांनी पाहिले होते. तरीही बेथलेहेमात इशायाच्या घरी दुसरा राजा निवडायला गेल्यावर थोरल्या एलियाबाला पाहताच त्याला वाटले, हाच तो. सात मुलगे समोरून गेले आणि निवड झाली आठव्याची, दावीदाची. तो मेंढरांमागे होता. त्याला बोलावणे धाडावे असेही घरच्यांना वाटले नव्हते. ख्रिस्ती पुढाऱ्यांविषयी बोलताना हा प्रसंग हमखास निघतो आणि देव अंतःकरण पाहतो, एवढे सांगून विषय संपतो. देवाला अंतःकरण दिसते, ठीक. पाळक नेमणाऱ्या समितीला ते कसे दिसावे? (खुद्द ग्रंथकाराचाही मोह सुटलेला नाही. बाह्यरूप पाहू नये असे सांगून झाल्यावर तो दावीदाच्या सुंदर डोळ्यांचे वर्णन करतोच.)

बाह्यरूपाची भूल केवळ अडाण्यांना पडते असे नाही. चौथ्या शतकात, 371 च्या सुमारास, गॉलमधल्या तूर शहराच्या लोकांनी मार्टिन नावाच्या संन्याशाला बिशप करायचे ठरवले. विरोध केला तो जमलेल्या बिशपांपैकी काहींनी. त्यांची हरकत चरित्रकार सुल्पिसियस सेव्हेरस याने नोंदवली आहे: चेहरा सामान्य, कपडे मळके, केस विस्कटलेले, असा माणूस या पदाला शोभत नाही. लोकांनी त्यांचे ऐकले नाही. बिशप झाल्यावरही मार्टिन शहराबाहेरच्या झोपडीवजा खोलीत राहत असे आणि चर्चमध्ये उंच आसनाऐवजी साध्या तिवईवर बसत असे. ही चरित्रे भक्तांनी लिहिलेली असतात, तेव्हा त्यांतली भर वजा करावी लागते. पण बिशपांचा आक्षेप भक्ताने रचला असेल असे वाटत नाही. तो फारच ओळखीचा आहे.

आपल्याकडचे पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्या शाकाहारीच राहिल्या, क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले आणि धर्ममतांबाबत स्वतःच्या विवेकबुद्धीचा हक्क सोडला नाही. त्यांच्यावर माया करणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. रमाबाईंनी तरुण मुलग्यांना शिकवावे की नाही यावर बिशपांनी आपला नकार कळवला. त्यांनी काय खावे, गळ्यात काय घालावे, कोणाला शिकवावे, यावर पत्रांमागून पत्रे लिहिली गेली. त्या पुढे काय उभे करणार आहेत याचा अंदाज मात्र यातल्या कोणाला आला नाही. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो निराधार मुलींसाठी केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. तिथल्या छापखान्यात त्या मुलींच्याच हातांनी खिळे जुळले. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर एकहाती केले. ना दीक्षा, ना अधिकारपद. स्वभाव हट्टी होता, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे. पण ज्यांच्याकडून काहीच परतफेड होणार नव्हती अशा मुलींशी त्या कशा वागल्या, यावरून त्यांचे मोल ठरवावे. वाँटेजच्या जेवणाच्या टेबलावरून नव्हे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. संत ऑगस्टीनने डोनॅटिस्ट पंथीयांशी वाद घातला तो धर्मगुरूच्या शीलाच्याच मुद्द्यावर. छळाच्या काळात धर्मग्रंथ शत्रूच्या हवाली करणाऱ्या धर्मगुरूंच्या हातचे संस्कार बाद, असे डोनॅटिस्ट म्हणत. ऑगस्टीनचे म्हणणे: संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याच्या शीलावर तो अवलंबून नाही. मग शीलाचा एवढा आग्रह कशाला? ऑगस्टीनचे उत्तर भाविकाला धीर देण्यासाठी होते. आपला बाप्तिस्मा खरा की खोटा, या चिंतेतून ते त्याला सोडवते. धर्मगुरूला ते मोकळीक देत नाही. नुसते शील पुरत नाही, अंगी कुवतही हवी, हा दुसरा आक्षेप त्यामानाने किरकोळ. पौलाच्या नावे असलेल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रात अध्यक्षाच्या गुणांत शिकवण्याची हातोटी आहेच. मात्र त्या यादीतले बाकीचे गुण पाहा. मद्यपी नसावा, मारकुटा नसावा, पैशाचा लोभी नसावा, घर नीट चालवणारा असावा, नवशिष्य नसावा, बाहेरच्यांतही त्याचे नाव चांगले असावे. यातला एकही गुण व्यासपीठावर दिसत नाही, पण एकही अदृश्य नाही. घरातल्यांना, गड्यामाणसांना, उधारी देणाऱ्या दुकानदाराला तो रोज दिसतो.

हे विसरले की साधेपणाचाही झगा होतो. जाँ व्हानिए यांनी 1964 मध्ये फ्रान्समधल्या त्रोली-ब्रय गावी लार्श ही संस्था सुरू केली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांसोबत एका घरात राहायचे, ही तिची रीत. साधे कपडे, हळू आवाज, नम्र बोलणे. जगाने त्यांना जवळजवळ संतपद दिले. 2019 मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी संस्थेने करवून घेतलेल्या चौकशीत निष्पन्न झाले की, आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. 2023 च्या सविस्तर अहवालात हा आकडा किमान पंचवीसवर गेला. त्यांचे गुरू, फादर तोमा फिलिप, यांना रोमने 1956 मध्येच दोषी ठरवले होते. म्हणजे धोक्याची खूण कागदोपत्री होती. समोरच्या माणसाची मूर्ती एवढी सोज्वळ की ती खूण कोणी त्याच्याशी लावून पाहिली नाही. मळक्या कपड्यांवरून मार्टिनला नाकारणारे जितके चुकले, तितकेच साध्या कपड्यांवरून व्हानिएंवर विसंबणारेही.

यावर कोणी म्हणेल, मग दावीद तरी कुठे निर्दोष होता? नव्हताच. अंतःकरण पाहून निवडलेल्या या राजाने आपला सैनिक उरीया याच्या बायकोला भोगले आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवले. निवड अचूक असली तरी ती जन्मभर पुरत नाही. फरक एवढाच की दावीदाच्या दरबारात नाथान संदेष्टा होता आणि राजाच्या तोंडावर दोष सांगून तो जिवंत परत जाऊ शकला. मंडळीने पाळक नेमताना उमेदवाराचे प्रवचन जरूर ऐकावे. पण आधीच्या मंडळीतल्या हिशेबनिसालाही भेटावे, चर्च झाडणाऱ्या बाईलाही विचारावे. आणि नेमणुकीच्या ठरावातच लिहून ठेवावे की तक्रार कोणाकडे करायची; तो माणूस पाळकाच्या मर्जीतला नसावा, पगारपत्रकावरचा तर नसावाच.