रिकामे घर म्हणजे शून्य नव्हे



हल्ली ऊस नोंदीचा तक्ता संगणकावर असतो. नावापुढे टनेजच्या जागी ‘#एन/ए’ दिसले की सभासद दचकतो, “साहेब, माझा ऊस गेला कुठं?” ऊस फडातच आहे. खुणेचा अर्थ एवढाच, की माहिती उपलब्ध नाही. बहुधा सभासद नंबर एका यादीत आहे अन् दुसरीत सापडत नाही. ‘#डिव्ह/०!’ दिसले तर क्षेत्राचे घर रिकामे किंवा शून्य आहे. टनेजला भागायचे कशाने?

अशा वेळी घाईने शून्य टाकू नये. समजा, तीन प्लॉटचे एकरी उत्पादन ४०, ३५ व ४५ टन आहे, चौथ्याची नोंदच नाही. घर रिकामे ठेवले तर सरासरी ४० टन येते. शून्य टाकले की ३०! त्यावर तोडणी टोळ्या ठरवल्या तर ऊस उभाच राहायचा. ‘#एन/ए’ने खालची बेरीज अडते हे खरे, पण खोट्या बेरजेपेक्षा अडलेली बरी.

पावसाचेही तसेच. आपला आटपाडी तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस पडला नाही तर शून्य लिहावे; मोजलाच नाही तर तसे लिहावे. नाहीतर पडलेला पाऊसही कागदावर कोरडा ठरतो.

तरी प्रत्येकाने लागणीची तारीख, जात, क्षेत्र व गट नंबर स्वतः पाहून घ्यावा. चूक असल्यास सात-बारा दाखवून तोडणीआधीच दुरुस्त करून घ्यावी.

— ऊस विकास अधिकारी