जुन्या जावा-येझदी मोटारसायकलींचे मूळ सुटे भाग

जुन्या मोटारसायकलीचे मूळ सुटे भाग म्हणजे ज्या कारखान्यात ती तयार झाली त्या कारखान्याने किंवा त्याच्या पुरवठादारांनी त्या विशिष्ट मॉडेलसाठी बनविलेले भाग. उत्पादन बंद झालेल्या गाडीचे असे भाग बहुधा वापरलेल्या स्थितीतच मिळतात. सांगली-मिरज रस्त्यावरील विश्रामबागसारख्या ठिकाणच्या गाडीमालकाला त्यासाठी जुनी गॅरेजे, भंगाराची दुकाने आणि पुणे-मुंबईचे जुने बाजार यांचा आधार घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी

जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियाची कंपनी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून तिच्या परवान्याने २५० सीसीच्या दोन-स्ट्रोक मोटारसायकली तयार होऊ लागल्या. पुढे परवान्याचा काळ संपल्यावर त्या येझदी नावाने विकल्या गेल्या. १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव भारतात पुन्हा आले, परंतु नव्या गाडीचे इंजिन चार-स्ट्रोक व द्रवशीतित असल्याने तिच्या इंजिनाचे भाग जुन्या गाडीला उपयोगी पडत नाहीत. नावसाधर्म्यामुळे नवख्या ग्राहकाची येथे हमखास गफलत होते.

शोधाची ठिकाणे

सर्वाधिक भरवशाचा स्रोत म्हणजे त्याच मॉडेलची दुसरी, बंद पडलेली गाडी. मालकाला एकेक भाग निरनिराळ्या ठिकाणांहून जमविण्यापेक्षा अशी अख्खी गाडी घेणे पुष्कळदा स्वस्त पडते, कारण नट-बोल्ट, वायसर, कंस व केबलींचे टोके यांसारख्या क्षुल्लक वस्तूच सुट्या मिळत नाहीत. गावोगावच्या जुन्या मेस्त्रींकडे वर्षानुवर्षे पडून राहिलेला, कधीही न वापरलेला मालही आढळतो. पुण्याचा जुना बाजार, मुंबईतील चोर बाजार आणि कुर्ल्यातील वाहन-भंगाराची दुकाने येथे भाग मिळतात, पण ढिगातून नेमका भाग ओळखण्याची जबाबदारी ग्राहकाचीच असते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी साजरा होणारा जावा-येझदी दिन हा हौशी मालकांच्या ओळखींचा, आणि पर्यायाने भागांच्या देवघेवीचा, मोठा मार्ग आहे.

पारख

नक्कल भागाला बाजारात 'डुप्लिकेट' म्हणतात. मूळ ओतीव भागावरील अक्षरे व खुणा सहसा रेखीव असतात, पत्रा जाड असतो आणि भोके जुळविण्यासाठी कानस चालवावी लागत नाही. रंग वा चकचकीत क्रोम यांवरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. उलट नव्याने चढविलेल्या थराखाली गंजाचे खड्डे व वेल्डिंग लपलेले असू शकते.

जुन्या जावाचा एकच दांडा किक व गिअर या दोन्ही कामांसाठी वापरला जातो. त्यामुळे त्याच्या व शाफ्टच्या खाचा झिजल्या आहेत का, हे हाताने हलवून पाहावे. २५० सीसीच्या जुन्या इंजिनाचा बोअर ६५ मिमी व स्ट्रोक ७५ मिमी असतो. सिलिंडर आधीच कितीदा रीबोअर झाला आहे हे मोजल्याशिवाय घेऊ नये, कारण शेवटच्या मापाच्या पुढे त्यात पिस्टन बसविता येत नाही. पुरात बुडालेल्या गाडीचा क्रँक बाहेरून स्वच्छ दिसला तरी बेअरिंगात गाळ व गंज असण्याची शक्यता राहते. सांगलीकरांना २००५ व २०१९ च्या पुरांनंतर हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

रोडकिंगचे इंजिन वेगळ्या रचनेचे आहे. 'येझदीचेच आहे, बसेल' या विक्रेत्याच्या आश्वासनाऐवजी जुना भाग सोबत नेऊन माप जुळविणे श्रेयस्कर.

कायदेशीर बाजू

इंजिन क्रमांक क्रँककेसवर व चेसिस क्रमांक चौकटीवर कोरलेला असतो. त्यामुळे हे दोन भाग बदलल्यास गाडी नोंदणीपत्राशी जुळत नाही आणि परिवहन कार्यालयाच्या मंजुरीवाचून अडचण उद्भवते. विक्रेत्याकडून पावती व मूळ गाडीच्या कागदपत्रांची प्रत घ्यावी. क्रमांक घासलेला भाग चोरीचा असू शकतो, आणि असा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि चेसिस, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या दुचाकीला 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेतील क्रमांक मिळू शकतो. ही नोंदणी १० वर्षांसाठी असते. साठच्या दशकातील जावा या व्याख्येत बसतात. रोडकिंगच्या पहिल्या गाड्यांना मात्र २०२८ पर्यंत थांबावे लागेल.