कमी सोडियमचे मीठ

कमी सोडियमचे मीठ म्हणजे नेहमीच्या मिठातील सोडियम क्लोराइडचा काही भाग कमी करून त्याऐवजी मुख्यतः पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ होय. उच्च रक्तदाबाच्या आहारनियोजनात ते साध्या मिठाला पर्याय म्हणून वापरले जाते. मात्र ते सर्वांसाठी सुरक्षित नाही.

कार्य

साध्या मिठात वजनाच्या सुमारे ४० टक्के सोडियम असते. सोडियम वाढल्यास शरीरात पाणी साठून राहते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तदाब चढतो. याउलट पोटॅशियममुळे मूत्रावाटे सोडियम बाहेर पडण्यास मदत होते व रक्तवाहिन्या शिथिल होतात. पोटॅशियम क्लोराइडची चव खारट असली, तरी त्याचे प्रमाण जास्त झाल्यास पदार्थ कडवट लागतो.

संशोधन

चीनच्या ग्रामीण भागातील ६०० खेड्यांत सुमारे २१,००० व्यक्तींवर या मिठाची चाचणी घेण्यात आली. त्यांना पूर्वी पक्षाघात झालेला होता किंवा त्या ६० वर्षांवरील असून त्यांना उच्च रक्तदाब होता. निम्म्या खेड्यांत ७५ टक्के सोडियम क्लोराइड व २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ देण्यात आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना या चाचणीतून वगळले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीच्या आहारात दररोज ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक चहाचा चमचाभरही नसेल इतके, मीठ असावे. २०२५ मध्ये संघटनेने साध्या मिठाऐवजी पोटॅशियमयुक्त मीठ वापरण्याची सशर्त शिफारस केली. गर्भवती स्त्रिया, मुले आणि मूत्रपिंडविकार असलेल्या व्यक्तींना ती लागू नाही.

धोके

निरोगी मूत्रपिंडे जादा पोटॅशियम बाहेर टाकतात. त्यांचे कार्य मंदावल्यास पोटॅशियम रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊन जिवाला धोका संभवतो. रामिप्रिल, टेल्मिसार्टन व स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या औषधांनीही रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. यांपैकी पहिली दोन उच्च रक्तदाबावर नेहमी दिली जाणारी औषधे आहेत. म्हणजेच ज्या रुग्णांना या मिठाची गरज भासते, त्यांच्यापैकी अनेकांना ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय वापरणे धोक्याचे ठरू शकते.

गैरसमज

सैंधव मीठ रक्तदाबास अपायकारक नसते, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात सैंधव व काळे मीठ हेही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच असते. उपवासाच्या पदार्थांत सैंधव वापरल्याने सोडियम फारसे घटत नाही.

आहारातील स्थान

स्वयंपाकातील मीठ बदलले, तरी लोणचे, पापड, फरसाण, खारवलेली मासळी आणि खाण्याचा सोडा यांतून सोडियम पोटात जातच राहते. कमी सोडियमचे मीठ सढळ हाताने वापरल्यास त्याचा लाभही नाहीसा होतो. भाज्या, फळे, कडधान्ये आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर देणाऱ्या आहाराने रक्तदाब उतरतो, हे अमेरिकेतील ‘डॅश’ अभ्यासाने १९९७ मध्ये दाखवून दिले. आहारातील असे बदल औषधांना पूरक असतात. त्यांच्या भरवशावर औषधे परस्पर बंद करू नयेत.