किडनी दुखत नाही, म्हणून वाट पाहू नका



मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली, बाया उठायला लागल्या. तेवढ्यात एका ताईने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि हळूच म्हणाली, "वाचून सांग ना माय, काय लिहिलं हाय याच्यात." रक्ताचा रिपोर्ट होता. सीरम क्रिएटिनिन २.१. दोन महिन्यांपासून तो कागद डब्यात पडून होता. विचारलं तर म्हणाली, "मले त काहीच दुखत नाही. पाय थोडे सुजतात, थकवा येते. निंदणाचे दिवस होते, म्हटलं मंग पाहू."

या अंकात त्या कागदाबद्दलच बोलू. कारण असा कागद आपल्यातल्या आणखी किती जणींच्या डब्यात असेल, सांगता येत नाही.

आपल्या भागात हा विषय का?

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलाय. आपल्याकडे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतल्या बायांना खारं पाणी म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरा थर धरतो. याच गावांतून किडनीच्या आजाराची ओरड वर्षानुवर्षं ऐकू येते.

पण सगळा दोष एकट्या पाण्याचा आहे, असं शास्त्राने ठरवलेलं नाही. आंध्रातल्या उद्दानम भागात, श्रीलंकेच्या भातशेतीच्या पट्ट्यात, मध्य अमेरिकेतल्या उसाच्या शेतांवरही कष्टकरी माणसांच्या किडन्या अशाच खराब होताना दिसल्या. तिथे अभ्यासक पाणी, उन्हातलं काम, तहान मारणं, फवारणीची औषधं, वेदनाशामक गोळ्या, सगळंच तपासत आहेत. आणि आपल्या देशात किडनी जाण्याची सगळ्यात मोठी दोन कारणं आहेत साखरेचा आजार आणि वाढलेलं बीपी. ती तर गोड पाण्याच्या गावातही आहेत.

पाण्याबद्दल एक गैरसमज मात्र काढून टाकू. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटतं आणि क्षार थोडे दाटच होतात. तुरटीने गाळ बसतो, क्षार बसत नाहीत. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त २००० पर्यंत चालतील, असं भारतीय मानक आहे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा.

किडनी करते काय?

पाठीत, बरगड्यांच्या खाली, मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. एकेका किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या. दिवसभरात त्या जवळपास १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात, त्यातलं बहुतेक परत अंगात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. बीपी सांभाळणं आणि नवीन रक्त तयार व्हायला मदत करणं हेही त्यांचंच काम. म्हणून किडनी थकली की बीपी वाढतं, रक्त कमी होतं, बाई पांढरी पडते. आपण म्हणतो, "अंगात रक्तच नाही," आणि नुसत्या लोहाच्या गोळ्या खात राहतो.

अडचण अशी की किडनी खराब होताना बहुतेक वेळा दुखत नाही. दुखतो तो मुतखडा. निम्म्या गाळण्या गेल्या तरी उरलेल्या मुकाट्याने काम ओढतात, अगदी आपल्यासारख्या. पायावर, डोळ्यांखाली सूज, लघवीला फेस, रात्री उठून लघवी, मळमळ, अंगाला खाज, दम, ही लक्षणं दिसेस्तोवर बराच उशीर झालेला असतो.

क्रिएटिनिनचा आकडा कसा वाचायचा?

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या कामातून तयार होणारा कचरा. किडनी तो बाहेर टाकते. रक्तात तो वाढला, म्हणजे गाळण कमी झालं.

पण नुसता आकडा पाहून फसू नका. ज्याच्या अंगावर मांस जास्त, त्याचं क्रिएटिनिन मुळातच जास्त असतं. समजा रिपोर्टमध्ये १.४ आलं. पंचवीस वर्षांच्या धडधाकट पोरासाठी त्याचा अर्थ किडनी साधारण ७० टक्के काम करते असा होईल. तोच १.४ पंचेचाळीस वर्षांच्या बाईला आला, तर तिची किडनी पन्नास टक्क्यांच्याही खाली आलेली असते. म्हणून "थोडंसंच वाढलंय" यावर थांबू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "माझा ई-जीएफआर किती?" हा आकडा वय आणि बाई-पुरुष धरून काढतात, आणि ढोबळ मानाने तो किडनीच्या कामाची टक्केवारी सांगतो. साठच्या खाली तीन महिने राहिला तर तो जुनाट किडनीविकार. पंधराच्या खाली म्हणजे किडनी निकामी व्हायला आली. आपल्या ताईचा आकडा तिशीच्या आसपास निघाला.

दुसरी तपासणी लघवीची. लघवीतून प्रथिनं जातात का, ते तीत कळतं. कधी कधी क्रिएटिनिन वाढायच्या आधीच ही तपासणी इशारा देते. बीपी किंवा साखर असलेल्या प्रत्येकीने वर्षातून एकदा या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात.

डायलिसिस लांबवणं आपल्या हातात किती?

गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत. उरलेल्या पुष्कळ वर्षं टिकवता येतात.

बीपीची गोळी सोडू नका. "गोळीनं किडनी जाते" असं लोक म्हणतात. खरं उलटं आहे, न घेतलेल्या गोळीने जाते. बीपी नॉर्मल आलं, ते गोळीमुळेच आलं.

कापूस वेचून कंबर धरली की आपण दुकानातून दुखण्याची गोळी आणतो, नाहीतर सुई टोचून घेतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक ही औषधं थकलेल्या किडनीवर घाव घालतात. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी तसं सांगा. गावोगाव विकली जाणारी नाव नसलेली चूर्णं आणि भस्मंही नकोत.

मीठ दिवसाला सगळं मिळून एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅम. लोणचं, पापड, ठेचा यांतलंही मीठ त्यातच धरायचं. सैंधव हेही मीठच. आणि बाजारात "कमी सोडियमचं" म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. किडनीच्या रुग्णाला ते धोक्याचं.

पाण्याचं प्रमाण सगळ्यांना सारखं नाही. उन्हात राबणाऱ्या निरोगी बाईने तहान मारू नये. पण अंगावर सूज असलेल्या रुग्णाला "भरपूर पाणी पी" हा सल्ला दवाखान्यात पोचवतो. किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

डायलिसिस म्हटलं की घर हबकतं

मशीन रक्त गाळून परत अंगात सोडतं, ते डायलिसिस. साधारण आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी चार तास. लोक म्हणतात, "एकदा लागलं की सुटत नाही." हे अर्धंच खरं. साप चावल्यावर, हगवणीने अंगातलं पाणी गेल्यावर किडनी अचानक बंद पडू शकते. तेव्हा काही दिवस डायलिसिस दिलं तर किडनी पुष्कळदा पुन्हा चालू होते. तिथे नकार देणं म्हणजे वाचणारा जीव घालवणं. जुनाट आजारात मात्र डायलिसिस बहुधा कायमचं असतं. तरी डायलिसिसवर वर्षानुवर्षं जगणारी, कामं करणारी माणसं आहेत.

कायमचं डायलिसिस लागणार असं दिसलं, तर तयारी आधी करा. ई-जीएफआर तीसच्या खाली गेला की किडनीतज्ज्ञांना एकदा तरी दाखवा. हातात फिस्टुला म्हणजे शिरांची जोडणी करावी लागते, आणि ती तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. त्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको, जड हंडा नको. ही तयारी नसली की ऐनवेळी मानेत नळी घालावी लागते, आणि तिथून जंतुसंसर्गाची भीती जास्त.

घरातलं म्हातारं माणूस फार थकलेलं असेल, दुसरे आजारही असतील, तर डायलिसिस न करता औषधांवर त्रास कमी ठेवणं हाही एक मार्ग आहे. पण तो निर्णय रुग्णाला विचारून घ्यायचा, पैशाच्या धाकाने नाही. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना डायलिसिस मोफत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही ते बसतं. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, किंवा १५५३८८ वर फोन करा.

किडनी कोणी द्यायची?

घरच्या माणसाला किडनी बसवायची वेळ आली की सगळ्यांच्या नजरा आधी बायकोकडे नाहीतर आईकडे वळतात. देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आहेत, आणि किडनी मिळणाऱ्यांत पुरुष. प्रेमाने द्यावीशी वाटली तर जरूर द्या. तपासण्या नीट झाल्या असतील तर एका किडनीवर चांगलं जगता येतं, वर्षाला तपासणी मात्र करत राहावी लागते. पण १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने दात्याची स्वतःची संमती लागतेच. डॉक्टरांशी एकटीने बोलायला मागा. "नाही" म्हणायचा हक्क तुमचा आहे. आणि भाऊ, वडील, मुलगाही दाता होऊ शकतो, हे घरात बोलून दाखवा.

गटाने काय करायचं?

आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे एक सूत्र आहे. ते वहीच्या पहिल्या पानावरच राहतं. तिशीपुढच्या प्रत्येकीचं बीपी आणि साखर उपकेंद्रात फुकट तपासतात. आशाताईला बैठकीच्या दिवशी बोलवा. तपासणीच्या, गाडीभाड्याच्या पैशासाठी सावकाराकडे जायच्या आधी ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीचा विचार करा. आणि मोठ्या दवाखान्यात कोणी एकटी जाऊ नये, सोबत गटातली एक तरी असावी. दोघींनी ऐकलेलं विसरत नाही.

त्या ताईला आम्ही दुसऱ्याच आठवड्यात सोबत घेऊन गेलो. बीपी १७० निघालं. आजवर कुणी मोजलंच नव्हतं. आता गोळी चालू आहे, दुखण्याची सुई बंद आहे, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं ठरलंय. येताना गाडीत म्हणाली, "धन्याचे सगळे कागद म्या जपून ठेवले, माहाच तेवढा डब्यात राहिला."

या महिन्याच्या बैठकीत वहीत बचतीच्या शेजारी एक रकाना वाढवा: बीपी. आणि घरी गेल्यावर डबा एकदा उघडून पाहा.