घर बांधण्याआधी जमीन विचारा

क्रांती चौकातून आजवर कितीतरी मोर्चे निघाले. आपल्या समाजाने तेथे हक्क मागितले, घरे मागितली, घरासाठी जागा मागितली. त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालावी असे आम्हाला वाटते. मिळणाऱ्या जागेखाली काय आहे? काळा पाषाण, मुरूम, काळी माती की बुजवलेला नाला?

हा प्रश्न किल्लारीने शिकवला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जमीन हादरली. हजारो माणसे गेली. कोणी दैवाला बोल लावला, कोणी देवाच्या कोपाला. पण तथागतांची शिकवण कारण शोधायला सांगते.

पहिले कारण घर. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड धाबे. ते झोपलेल्यांच्या अंगावर कोसळले. गरिबाची कुडाची झोपडी पडली तरी तिच्यात एवढे वजन नव्हते.

दुसरे कारण जमीन. परातीत एक दगड आणि वाटीभर दही ठेवून परातीला धक्का द्या. दगड परातीबरोबर हलून थांबतो, दही थरथरत राहते. भूकंपाची लाट कठीण खडकातून मऊ मातीत शिरली की तिचा वेग कमी होतो आणि हादरा वाढतो. मातीच्या झोक्याची लय इमारतीच्या लयीशी जुळली तर नुकसान अधिकच. १९८५ साली मेक्सिको शहर केंद्रापासून सुमारे ३५० किलोमीटर दूर होते. तरी जुन्या तळ्याच्या गाळावरील उंच इमारती पडल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छच्या भूकंपात २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेतही नदीच्या गाळावरील कच्च्या बांधणीच्या इमारती कोसळल्या.

भूकंप जात पाहत नाही, हे खरे. पण कोणाच्या वाट्याला कोणती जमीन यावी, हे जातीने ठरवले. गावकुसाबाहेर, पुष्कळ ठिकाणी ओढ्याकाठी, खोलगट जागी आपल्याला बसवले गेले. शहरात आल्यावरही परवडली ती नाल्याकाठची, भरावाची जागा.

म्हणून माता-भगिनींनो, घराचा पैसा जमवतानाच गवंड्याला आणि अभियंत्याला विचारा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यावर न थांबवता खाली मुरुमापर्यंत न्या. भरावावर सल्ल्याशिवाय बांधू नका. दगडी भिंतीत मधून मधून आरपार जाणारे लांब दगड घाला. जोत्यावर आणि दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा सळई-काँक्रीटचा अखंड पट्टा द्या. जुन्या पायावर मनाला येईल तसे मजले चढवू नका. रंग, फरशी पुढच्या वर्षी होईल. पाया पुन्हा होत नाही.

विहाराच्या पुढच्या बैठकीत वस्तीतील गवंडी आणि अभियंता झालेल्या आपल्या मुलामुलींना बोलवा. विहार बांधायचा असेल तर हीच चौकशी आधी त्याच्या जागेची करा. जय भीम!