विश्लेषण : महामार्गावर गाडीतले इंटरनेट का तुटते? येडशीमार्गे निघण्यापूर्वी काय करावे?

सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेली गाडी. मागच्या सीटवर मुले कार्टून बघत आहेत, पुढे मोबाइलवर नकाशा सुरू आहे. तुळजापूर, धाराशिव मागे पडते आणि डोंगर, जंगल, दोन गावांमधले मोकळे अंतर लागते. कार्टून थांबते. नकाशातला निळा ठिपका तेवढा सरकत राहतो, पण त्याच्याखालचा रस्ता गायब होतो. मग ‘तुझ्या फोनला रेंज आहे का,’ अशी विचारणा सुरू होते. गाडीत इंटरनेटसाठी डोंगल घ्यावे, की नव्या गाड्यांतली ‘कनेक्टेड’ सोय घ्यावी, हा प्रश्न अनेकांना पडतो. मात्र अडचण बहुतेक वेळा गाडीत नसून रस्त्याच्या कडेला असते.

येडशीचेच उदाहरण का?

धाराशिव जिल्ह्यातील येडशी येथे सोलापूर-धुळे हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ आणि बार्शी-लातूर रस्ता एकमेकांना भेटतात. तुळजापूरचे भाविक, लातूरहून बार्शीमार्गे पुण्याकडे जाणारे प्रवासी, सोलापूर-बीड मालवाहतूक असे सगळेच येथून जातात. शेजारी बालाघाटच्या कुशीत रामलिंगचे देवस्थान आणि १९९७ मध्ये जाहीर झालेले येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. महामार्ग चौपदरी झाला, टोलनाके आले. पण रस्ता बांधणारी यंत्रणा वेगळी आणि मोबाइलचे जाळे विणणाऱ्या कंपन्या वेगळ्या. टॉवर कोठे उभारायचा हे कंपनी ग्राहकसंख्या, वीज आणि जागा पाहून ठरवते. त्यामुळे तो साहजिकच गावाजवळ उभा राहतो. अभयारण्यात तर वन आणि वन्यजीव कायद्यांच्या परवानग्यांशिवाय खांबही रोवता येत नाही. शिवाय मोबाइलच्या लहरींना डोंगर आडवा आला की पलीकडच्या दरीत सावली पडते. टॉवर जवळ असूनही दरीत उतरलेल्या फोनला तो दिसत नाही, असे घाटात होते ते यामुळेच.

धावत्या गाडीत फोन काय करतो?

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे सरकते. एका टॉवरचे क्षेत्र रस्त्यावर तीन किलोमीटर लांब आहे असे धरले, तर ते पावणेदोन-दोन मिनिटांत संपते. तोपर्यंत पुढच्या टॉवरने फोनला ताब्यात घ्यायचे असते. दोन्ही टॉवरची क्षेत्रे एकमेकांवर चढलेली असतील तर हा खांदेपालट सेकंदाच्या अंशात होतो आणि कोणाला कळतही नाही. मध्ये पोकळी असेल तर फोन जुन्या टॉवरच्या क्षीण सिग्नलला चिकटून राहतो, शेवटी तो सुटतो आणि नव्याने शोध सुरू होतो. या शोधात बॅटरी खर्च होते, फोन तापतो. रेंज परत येऊनही नेट सुरू होत नसेल तर एअरप्लेन मोड चालू करून बंद करण्याचा घरगुती उपाय म्हणूनच लागू पडतो. फोन शोध पहिल्यापासून सुरू करतो.

५जीने येथे एक नवा घोळ घातला आहे. देशात ही सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा खरा वेग मिळतो तो ३,३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर आणि या लहरी फार दूर जात नाहीत. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर पोहोचतात, भिंतीतून आणि गाडीच्या पत्र्यातूनही बऱ्यापैकी आत शिरतात. शहर सोडल्यावर फोन गावाजवळ ५जी, माळरानावर ४जी अशा कोलांटउड्या मारत राहतो. लांबच्या प्रवासात सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क ४जीवर ठेवले तर वेग थोडा कमी मिळेल, पण तुटातूट कमी होते.

दांड्या पूर्ण, तरी नेट नाही?

पडद्यावरच्या दांड्या फक्त सिग्नलची ताकद सांगतात. त्या टॉवरवर गर्दी किती आहे, हे सांगत नाहीत. श्रावणी सोमवारी रामलिंगला किंवा नवरात्रात तुळजापूरला हजारो फोन थोड्याच टॉवरवर लटकलेले असतात. टॉवरमागची फायबर तुटली किंवा वीज जाऊन बॅटरी संपत आली, तरी दांड्यांवरून ते लगेच कळत नाही. अशा वेळी व्हिडीओ सोडाच, व्हॉट्सॲपवरचा फोटोही जात नाही. साधा एसएमएस मात्र निघून जातो, कारण त्याला नगण्य जागा लागते. आजीला ‘पोहोचलो’ हे कळवायचे असेल तर एसएमएस विसरू नये.

हॉटस्पॉट, डोंगल की गाडीतले सिम?

तिन्ही शेवटी त्याच टॉवरकडे हात पसरतात. फोनचा हॉटस्पॉट सर्वांत सोपा. चार्जर लावून फोन डॅशबोर्डजवळ, काचेलगत पण उन्हापासून दूर ठेवला की पुरे. डोंगलचा फायदा एवढाच, की फोनची बॅटरी वाचते आणि फोन घेऊन कोणी गाडीतून उतरले तरी बाकीच्यांचे नेट चालू राहते. त्याच कंपनीचे डोंगल घेतले तर रेंज वाढत नाही. ‘कनेक्टेड’ गाड्या भारतात २०१९ पासून ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टरमुळे लोकांच्या बोलण्यात आल्या. त्यांत बसवलेले ई-सिम प्रामुख्याने गाडीचे ठिकाण कळवणे, आणीबाणीचा संदेश, गाण्यांचे ॲप यासाठी असते. मागच्या सीटवरच्या तिघांना वाय-फाय मिळेल, असे गृहीत धरू नये, खरेदीपूर्वी विचारावे. ठरावीक मुदतीनंतर या सेवेचे वेगळे पैसे लागू शकतात, हेही विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

खरा फरक पडतो तो दुसऱ्या कंपनीच्या सिमने. एकीचा टॉवर नाही तेथे दुसरीचा असू शकतो. घरात दोन फोन असतील आणि दोन्हींत एकाच कंपनीचे कार्ड असेल, तर महामार्गापुरते ते एकच फोन समजावे. जिओ असेल तर सोबत एअरटेल, व्ही किंवा बीएसएनएल असावे. बीएसएनएलची स्वदेशी तंत्रज्ञानावरची ४जी सेवा २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशभर सुरू झाल्याचे जाहीर झाले आहे, त्यामुळे खेड्यापाड्यांच्या रस्त्यावर हे जुने कार्ड पुन्हा कामाला येऊ शकते. आता बहुतेक फोनमध्ये एका सिमचे नेट गेले की दुसऱ्यावर आपोआप जाण्याची सोय असते. ती निघण्यापूर्वी चालू करावी लागते. आपल्या रस्त्यावर कोणाची रेंज आहे, हे कंपन्यांच्या संकेतस्थळावरील नकाशात पाहता येते. ‘ट्राय’च्या २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांनी हे नकाशे प्रसिद्ध करणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. मात्र नकाशात रंगवलेल्या भागातही घाटाच्या वळणावर रेंज जाऊ शकते.

बाजारात मिळणाऱ्या सिग्नल बूस्टरच्या नादी लागू नये. परवान्याशिवाय असे यंत्र बाळगणे, विकणे आणि वापरणे बेकायदा आहे. ते एका गाडीतली रेंज वाढवताना परिसरातल्या इतरांचे नेटवर्क बिघडवू शकते.

‘अनलिमिटेड’ डेटा दुपारीच का संपतो?

बहुतेकांची फसगत येथे होते. मोठ्या खासगी कंपन्यांचा अमर्याद ५जी डेटा ठरावीक प्लॅनवर आणि फोन ५जीवर असेपर्यंतच मिळतो. महामार्गावर फोन ४जीवर आला की रोजच्या दीड-दोन जीबीला कात्री लागते. चांगल्या दर्जाचा व्हिडीओ तासाला तीन जीबीपर्यंत खातो, म्हणजे दोन जीबी पाऊण तासही पुरत नाहीत. साध्या दर्जाचा व्हिडीओ तासाला पाऊण ते एक जीबी घेतो. गाणी त्या मानाने स्वस्त, तासाला सत्तरेक एमबी. नकाशा त्याहूनही कमी. येडशी ते छत्रपती संभाजीनगर हे सुमारे १९० किलोमीटर. वाटेत चहापाणी धरून चार तास. तेवढ्यासाठी मुलांची कार्टून आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर डाउनलोड करणे हे कोणत्याही डोंगलपेक्षा स्वस्त पडते.

नकाशा आणि टोल यांचे काय?

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन उपग्रहांचे संदेश थेट ऐकतो. म्हणूनच नेट गेल्यावरही निळा ठिपका बरोबर जागी असतो. गायब होते ते खालचे चित्र. गुगल मॅप्समध्ये धाराशिव, सोलापूर, लातूर, बीड हा पट्टा आधी ऑफलाइन डाउनलोड करून ठेवला तर नेटशिवाय वळणेही सांगितली जातात, फक्त वाहतूककोंडीची खबर मिळत नाही. येडशीत हे विशेष उपयोगी, कारण येथे चुकलेले वळण बार्शीला किंवा लातूरला नेऊन सोडते. २०२० च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन नियमांत चालकाला मोबाइल वापरण्याची मुभा आहे ती केवळ रस्ता पाहण्यासाठी, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. तेव्हा घाटात रेंज शोधण्याचे काम शेजारी बसलेल्याकडे द्यावे.

फास्टॅग टोलनाक्यावरच्या यंत्राने वाचला जातो, त्यासाठी प्रवाशाच्या फोनला नेट लागत नाही. अडचण होते ती टॅगमध्ये पैसे नसल्यास. १५ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नियमानुसार वैध फास्टॅग नसेल तर यूपीआयने सव्वापट टोल द्यावा लागतो, आणि यूपीआयला नेट लागते. नाक्यावर पोहोचून रिचार्ज करू, हा बेत रेंजच्या भरवशावर असतो. घरूनच शिल्लक पाहावी. इतर ठिकाणच्या खर्चासाठी *९९# ही इंटरनेटशिवायची बँक सेवा आहे. ती बँक खात्याला जोडलेल्या क्रमांकावरून चालते, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत. तिलाही मोबाइलचा सिग्नल मात्र लागतोच. ढाब्यावर मुकाट्याने नोटा काढणे सर्वांत सोयीचे.

उपग्रह इंटरनेटचा उपाय?

५ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिमसह धाराशिवचे नाव आहे. पण तो करार सरकारी संस्था, दुर्गम भाग आणि सार्वजनिक सुविधांसाठी आहे. गाडीच्या टपावर तबकडी लावून कार्टून बघण्यासाठी नाही. महामार्गावरच्या प्रवाशाला आणखी काही काळ तरी टॉवरकडेच पाहावे लागेल. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२६ च्या सुरुवातीला देशभरात मोबाइल नेटवर्क नसलेली ४२४ ठिकाणे, मिळून सुमारे १,७५० किलोमीटर रस्ता, दूरसंचार विभाग आणि ‘ट्राय’पुढे मांडला. अपघातानंतर मदत मागता येत नाही, हीच त्यातली चिंता.

रेंज नसताना गाडी बंद पडली तर?

पडद्यावर ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ असे दिसत असेल तर आपल्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे. अशा वेळी ११२ लावून पाहावा; हा फोन उपलब्ध असलेल्या दुसऱ्या नेटवर्कवरून जोडला जाऊ शकतो. महामार्गावरील मदतीसाठीचा १०३३ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांकही फोनमध्ये आधीच साठवून ठेवावेत. मदत मागताना पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘नेमके कुठे आहात?’ आणि लोकेशन पाठवायला नेट नसते. अशा वेळी रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड पाहावा. त्यावरचा आकडा, गाडी कोणत्या दिशेने जात होती आणि शेवटचे गाव कोणते लागले, येडशी की येरमाळा, एवढे सांगितले की गस्तीच्या वाहनाला जागा सापडते.