नोटीस पिरियड ३५ वर्षांचा!

३१ मे २०२४, शुक्रवार. बाबांच्या सरकारी ऑफिसात सेंड-ऑफ. शाल, श्रीफळ, वेफर्स, समोसे आणि न संपणारी भाषणं. एकाच हॉलमध्ये चौघांचा निरोप, आणि चौघांचाही वाढदिवस १ जून!

योगायोग वगैरे नाही हं. पूर्वी गावाकडे जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? शाळा जूनला भरायची. मास्तर पोराकडे बघून वर्षं मागे मोजायचे आणि रजिस्टरात ठोकून द्यायचे, १ जून. सरकारी नियम असा, की ज्याचा जन्म एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर. म्हणून ३१ मे आला, की महाराष्ट्रातल्या सरकारी ऑफिसांत निरोपाचे नारळच नारळ.

मी आयटीवाली. आमच्याकडे कुणी पेपर टाकले, की ९० दिवस नोटीस, रोज केटी सेशन, वर साइन-ऑफ. बाबा १९८९ साली लागले. जन्मतारीख सर्व्हिस बुकात, रिटायरमेंट ५८ला. म्हणजे पहिल्याच दिवशी शेवटचा दिवस पक्का. ३५ वर्षांचा नोटीस पिरियड, बॉस! तरी त्या संध्याकाळी त्यांच्या खुर्चीवर बसायला कुणी नव्हतं. चार्ज गेला शेजारच्या मॅडमकडे. त्यांच्याकडे आधीच दोन टेबलं.

सोमवारी पावणेअकराला पहिला फोन. ‘‘भाऊसाहेब, ते जुनं सर्व्हिस बुक कुठंय?’’ बाबा चहा ढवळत म्हणाले, ‘‘डावीकडचं लोखंडी कपाट, खालून दुसरा कप्पा.’’ तेव्हा हसलो आम्ही. पण ते बुक एका वारलेल्या शिपायाचं होतं. त्यात मधल्या काही महिन्यांच्या नोंदी नाहीत आणि त्याचे कागद कुठे आहेत, हे फक्त बाबांना माहीत. तोवर त्याच्या बायकोचं कुटुंब निवृत्तिवेतन अडकलेलं. ती बाई बसने दोनदा येऊन परत गेली होती.

मी वैतागून विचारलं, ‘‘सहा महिने आधी एखादा नवा मुलगा शेजारी बसवायला काय जातं?’’

‘‘एका पदावर दोन पगार कसे काढणार गं?’’

संपला विषय! पुढे मागणीपत्र, बिंदुनामावली, जाहिरात, परीक्षा, निकाल, मध्येच कुणीतरी कोर्टात. तिकडे माझा मावसभाऊ नवी पेठेतल्या अभ्यासिकेत पाचवं वर्ष काढतोय. मार्च २०२१मध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा पुढे ढकलली, तेव्हा तो रस्त्यावर बसला होता. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, त्यात एक त्याचा. इकडे रिकामी खुर्ची, तिकडे भरलेली अभ्यासिका, आणि मध्ये काय, तर प्रोसेस.

घरात यावर भांडण ठरलेलं. केंद्राने १९९८ला निवृत्तीचं वय ६० केलं, राज्यानेही करावं, असं बाबांचं म्हणणं. मावसभाऊ भडकतो, ‘‘काका, अजून दोन वर्षं आम्ही काय करायचं?’’ मला विचाराल तर ६० करा नाहीतर ६२. शेजारी शिकणारं कुणी नसेल, तर हाच समारंभ तेवढा पुढे जाईल.

बाबा सध्या दर मंगळवारी ऑफिसात जातात. पगार नाही, टीए नाही. एक दोनशेपानी वही केलीय : कुठला गठ्ठा कुठे, कुठल्या फायलीत काय मेख. त्या बाईंचा प्रस्ताव ऑगस्टमध्ये महालेखापालांकडे गेला. वही मॅडम वापरतात. त्यांचाही वाढदिवस १ जून, रिटायरमेंट २०२७ला.